इतवारीतली सुटी चहापत्ती: कोणती घ्यावी, कोणती पिंपातच राहू द्यावी

इतवारीच्या किराणा बाजारात सुटी चहापत्ती चांगली मिळते, आणि नागपुरात घरच्या रोजच्या चहासाठी तीच घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. फक्त ती पाटी वाचून घेऊ नये. दुकानात ओळीने पिंपं मांडलेली असतात आणि प्रत्येकात पुठ्ठ्याची पाटी खोचलेली असते: ‘आसाम गोल्ड’, ‘हॉटेल स्पेशल’, ‘फॅमिली मिक्स’, ‘कडक डस्ट’. ही नावं मळ्यातून येत नाहीत, दुकानातच पडतात. त्यामुळे ‘गोल्ड’च्या पिंपात मरगळलेला जुना माल आणि बिनपाटीच्या पोत्यात उत्तम आसाम, असंही होतं. म्हणून इथे दुकानांची नावं न घेता मालाचंच परीक्षण केलं आहे. दाणा हातात घेऊन आणि कोरा चहा कपात ओतून जे कळतं, तेवढंच.

जाणता दुकानदार ग्रेड सांगतो: बीपी, बीओपीएसएम, पीएफ, पीडी. ही अक्षरं दाण्याचा आकार सांगतात, दर्जा नाही. बीपी म्हणजे मोठा गोल दाणा, बीओपीएसएम मध्यम, पीएफ त्याहून बारीक आणि पीडी म्हणजे डस्ट. एकाच मळ्यातली एकाच दिवशी खुडलेली पाने कारखान्यात जातात आणि शेवटी चाळण्यांवरून हे सगळे आकार वेगळे होऊन निघतात. ‘मोठा दाणा म्हणजे भारी चहा’ हा समज नागपुरात घट्ट बसला आहे आणि त्यापायी लोक उगाच जास्त पैसे मोजतात.

दाण्यापासून सुरुवात करू. आपण पितो तो बहुतेक सगळा चहा सीटीसी (क्रश, टेअर, कर्ल) पद्धतीचा. आसामात १९३०च्या दशकात निघालेल्या या यंत्रात दोन दातेरी रूळ वेगवेगळ्या वेगाने फिरतात. पान त्यांच्यामध्ये चिरडतं, फाटतं आणि वळतं. रुळाचे दात धारदार असतील आणि पान कोवळं, म्हणजे दोन पानं आणि एक कळी असं खुडलेलं असेल, तर दाणा घट्ट, गोल आणि वजनदार होतो. दात बोथट असतील किंवा पान जून असेल तर दाणा नीट वळतच नाही. चपट्या, हलक्या, पापुद्र्यासारख्या कपच्या निघतात. पांढऱ्या कागदावर मूठभर पत्ती पसरली की हा फरक लगेच दिसतो. कागद हलकेच तिरपा करून टिचकी मारा. गोल दाणे घरंगळत खाली जातात, कपच्या आणि काड्या जागीच राहतात. मागे राहिलेल्या या ऐवजात लालसर रेषा किती आहेत ते पाहा. त्या म्हणजे जून देठांचे धागे. थोड्या असतातच, पण बोटाने सहज वेचता येतील एवढ्या दिसल्या तर तुम्ही काड्यांचे पैसे देत आहात.

रंग काळा किंवा काळपट तपकिरी हवा आणि त्यावर हलकी तकाकी हवी. करडा, राखाडी दाणा म्हणजे माल जास्त चाळला गेला, पोत्यातून पोत्यात फार फिरला आणि एकमेकांवर घासून त्याच्यावरचा सुकलेला रस झडला. कपात रंग आणि चव उतरते ती मुख्यतः याच थरातून. म्हणून करड्या पत्तीचा चहा दिसायला बरा वाटला तरी बेचव निघतो.

मग दोन दाणे नखाखाली दाबा. कोरडा दाणा ‘कट’ आवाज करून फुटतो, ओल धरलेला दबतो. कारखान्यातून निघताना चहात साधारण ३ टक्के ओलावा असतो. तो ६-७ टक्क्यांच्या पुढे गेला की चहा उतरायला लागतो. नागपुरात मे महिन्यात उघडं पिंपही कोरडं राहतं, जुलैत मात्र आठवड्याभरात माल मऊ पडतो. पावसाळ्यात उघड्या पिंपातली पत्ती घेऊच नका, पोत्यातली मागा.

वास घेण्याची एक पद्धत आहे आणि ती दुकानात उभ्या उभ्या जमते. मुठीत पत्ती घट्ट धरा, तोंड जवळ नेऊन आत एक गरम श्वास सोडा आणि लगेच नाकाने ओढा. उबेने दाण्यातला वास वर येतो. चांगल्या मालाला गोडसर, भाजक्या धान्याच्या जवळ जाणारा स्वच्छ वास असतो. कुबट वास आला तर ओल, धुरकट आला तर कारखान्यातली वाळवणी बिघडलेली. इतवारीत तिसरा वासही हमखास सापडतो: हिंग, धने, मिरची. चहा आजूबाजूचा वास झपाट्याने ओढून घेतो आणि मसाल्याच्या पोत्याशेजारी ठेवलेला चहा मुळात कितीही चांगला असला तरी वाया जातो. त्यामुळे फक्त चहा विकणारं दुकान किराणा-मसाल्याच्या दुकानापेक्षा आम्ही केव्हाही वर ठेवू.

आता कप. इथेच बहुतेक गिऱ्हाइकं फसतात, कारण दुकानात चव दाखवायला दुधाचा, साखरेचा, आलं घातलेला चहा पुढे येतो. दुधातलं केसीन हे प्रथिन चहातल्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतं, साखर कडवटपणा झाकते आणि आलं उरलेलं सगळं. असा चहा चांगला लागणारच. ‘भाऊ, कोरा दाखवा’ म्हणा. नाही म्हणाले तर पाव किलो घ्या आणि घरी तपासा.

चहा चाखण्यासाठी आयएसओ ३१०३ हे मानक आहे: १०० मिली पाण्याला २ ग्रॅम चहा, ६ मिनिटं. आपल्या सीटीसीला ५ मिनिटं पुरतात. घरी २.५ ग्रॅम पत्ती काट्यावर तोलून घ्या. चमच्याने मोजू नका, कारण एका चमच्यात डस्ट जास्त वजनाची बसते आणि मोठा दाणा कमी. पांढऱ्या कपात पत्ती टाका, खळखळ उकळतं पाणी १२५ मिली ओता, बशी झाका. ५ मिनिटांनी दुसऱ्या पांढऱ्या कपात पूर्ण गाळा, शेवटचा थेंबसुद्धा. दाट अर्क त्या थेंबांतच असतो. दोन-तीन नमुने एकाच वेळी, एकाच पाण्यात करा. पाण्याची बाब नागपुरात महत्त्वाची. महापालिकेचं पेंच-कन्हानचं पाणी आणि बोअरचं जड पाणी यांत तोच चहा वेगळा दिसतो. जड पाण्यातल्या चुन्यामुळे कोऱ्या चहावर तवंग येतो आणि रंग काळवंडतो. तो दोष पत्तीचा नव्हे. आरओच्या पाण्यात रंग जास्तच उजळ दिसतो. ज्या पाण्याचा चहा रोज पिणार, त्याच पाण्यात तपासा.

कप खिडकीपाशी न्या, ट्यूबलाइटखाली नको. पाहायचं ते रंग किती गडद यापेक्षा किती उजळ आहे ते. चांगला आसाम लालसर, पारदर्शक, कडेला सोनेरी कडं दाखवणारा. ही झळाळी आणि जिभेवरची चुरचुर थिआफ्लेविनमुळे येते; गडदपणा आणि भरीवपणा थिआरुबिजिनमुळे. पान हवेत राहून रंग बदलतं तेव्हा ही दोन द्रव्यं त्यात तयार होतात. कारखान्यात पान हवेत जास्त वेळ राहिलं की पहिलं घटतं आणि दुसरं वाढतं. मग कपात गडद पण मेलेला, विटकरी तपकिरी रंग येतो. ‘रंग छान उतरतो’ म्हणून विकला जाणारा बराच स्वस्त चहा याच जातीचा असतो.

घोट घेताना फुर्र करून हवेसकट ओढा. चांगला तुरटपणा हिरड्यांवर आणि जिभेच्या कडांवर चटकन लागतो आणि निघून जातो. वाईट कडवटपणा जिभेच्या मागे चिकटून बसतो. मग गाळणीतला चोथा पाहा. दुकानदार सहसा दाखवत नाहीत, पण तो पत्तीची सगळी हकिकत सांगतो. घासलेल्या तांब्याच्या भांड्यासारखा एकसारखा तांबूस असेल तर उत्तम. हिरवट ठिपके असतील तर पान पुरतं आंबलेलं नाही, म्हणजे कारखान्यात हवेत कमी वेळ राहिलं. काळपट, कोळशाकडे झुकणारा असेल तर जास्त भाजला गेला आहे. काही दाणे तांबूस, काही काळे, काही हिरवट असतील तर ती वेगवेगळ्या मालाची भेळ आहे.

कप तसाच निवू द्या. तळापासून दुधाळ ढग चढला तर बरेच जण भेसळ समजून घाबरतात. उलट आहे. कॅफीन आणि थिआफ्लेविन थंडाव्यात एकत्र येतात तेव्हा हा ढग दिसतो, आणि तो दाट, कसदार चहातच चढतो. शेवटी त्याच पत्तीचा दुसरा कप करा आणि गरम असतानाच त्यात दोन लहान चमचे दूध घाला. उजळ केशरी-सोनेरी रंग आला तर रोजच्या चहाला पत्ती चालेल. राखाडी, फिकट मातकट झाला तर कितीही उकळा, तो सुधारणार नाही.

या कसोटीवर इतवारीतला माल असा उतरतो. मोठा बीपी दाणा दिसायला सगळ्यात देखणा आणि दरानेही वरचा. ५ मिनिटांत त्याचा कोरा चहा स्वच्छ पण थोडा हलका येतो, कारण मोठा दाणा सावकाश सुटतो. पातेल्यात ४-५ मिनिटं उकळणाऱ्या घरांना तो ठीक. मध्यम बीओपीएसएम हीच आमची पसंती: झळाळी, चुरचुर आणि भरीवपणा तिन्ही एकत्र मिळतात, दरही मधला. पीडी डस्ट मिनिटभरात रंग सोडते, थोडक्यात जास्त कप देते, म्हणून तर्री-पोह्यांच्या ठेल्यांवर आणि टपऱ्यांवर तीच चालते. चांगली डस्ट खरोखर चांगली असते. पण काड्यांचा चुरा डस्टमध्ये सहज लपतो, त्यामुळे ती कागदावर नीट पसरून पाहावी लागते. पातेल्यात तीच डस्ट पुन्हा पुन्हा उकळली तर चहा कडूजहर होतो. वेलची-मसाल्याचा सुगंध लावलेली तयार ‘मिक्स’ मात्र घेऊ नका. सुगंधाखाली पत्तीचं वय लपतं आणि वेलची घरात ताजी कुटून टाकता येतेच.

रंग घातल्याचा संशय आला तर गाळणकागदावर पत्ती पसरून पाणी शिंपडा, मग पत्ती काढून कागद नळाखाली धुऊन उजेडात धरा. शुद्ध चहाचा डाग राहत नाही, कोलटार रंग, म्हणजे डांबरापासून केलेला कृत्रिम रंग, लगेच डाग पाडतो. पत्तीवरून लोहचुंबकही फिरवा. रुळांच्या झिजेमुळे लोखंडाचा थोडा कीस सीटीसीत येतो आणि एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने त्याला किलोमागे २५० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. चुंबकाला दाट मिशा फुटल्या तर ते पिंप सोडा. ही पद्धत घरगुती आहे. नक्की प्रमाण प्रयोगशाळेतच कळतं.

दार्जिलिंगला ही फूटपट्टी लावू नका. त्याचं पान हिरवट तपकिरी, लांबट, हलकं असतं आणि कोरा चहा फिकट सोनेरी. २००४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं हे नाव फक्त तिथल्या मळ्यांच्या चहाचं आहे. गडद लाल उतरणारा सुटा दाणेदार चहा ‘दार्जिलिंग’ म्हणून दाखवत असतील तर पुढे जा.

दराचा हिशेब सोपा आहे. कपाला २.५ ग्रॅम धरले तर किलोत ४०० कप. किलोमागे १०० रुपये जास्त दिले तर कपामागे २५ पैसे. चौघांच्या घरात रोज ८ कप होत असतील तर महिन्याला ६०० ग्रॅम, म्हणजे फरक ६० रुपयांचा. मधल्या दराच्या चांगल्या मालाऐवजी तळाचा माल घेण्यात काहीच वाचत नाही, कारण हलक्या पत्तीचा चमचा आपसूक भरभरून पडतो.

दुकानातली एकच गोष्ट निवडायची झाली तर तुमच्यासमोर पोतं उघडणारं दुकान निवडा. मळ्याच्या कागदी पोत्यावर मळ्याचं नाव, ग्रेड, इन्व्हॉइस नंबर (मळ्याने त्या खेपेला दिलेला क्रमांक) आणि वजन छापलेलं असतं. आसामच्या दुसऱ्या बहराचा, म्हणजे मेच्या उत्तरार्धापासून जूनपर्यंतचा माल सगळ्यात कसदार. जुलै ते सप्टेंबरच्या पावसाळी खुडणीत पान भराभर वाढतं आणि कस पातळ होतो. म्हणून पॅकिंगची तारीख छापलेली असेल तर तीही वाचा.

घरी मध्यम दाणा तीन भाग आणि चांगली डस्ट एक भाग मिसळा. रंगही लवकर येतो आणि चवही टिकते. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, मसाल्यांपासून लांब ठेवा, गॅसच्या वरच्या फळीवर नको. पोत्यावरच्या इन्व्हॉइस नंबरचा फोटो काढून ठेवा. पाव किलो पसंत पडला आणि पुढच्या वेळी नंबर तोच असेल तर दोन-तीन महिन्यांचा माल एकदम घ्या. नंबर बदलला असेल तर पुन्हा पाव किलोच.