वर्गणी बोटुकलीवर घालावी की डोहावर?

गळ घेऊन गिरणा-तापीच्या काठी बसणाऱ्या दहा-बारा जणांनी वर्गणी काढली की पहिला प्रश्न हाच येतो: नदीत बोटुकली, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं, सोडायची, की नदीच नीट करायची? माझं मत आधीच सांगतो. तलाव असेल तर बोटुकली, वाहती नदी असेल तर डोह.

बोटुकली सोडण्याचं आकर्षण मला पूर्ण समजतं. काम एका सकाळचं. रोहू, कटला, मृगळ मूळचे गंगेच्या खोऱ्यातले, पण १० जुलै १९५७ रोजी ओडिशात चौधरी आणि अलीकुन्ही या शास्त्रज्ञांनी इंजेक्शन देऊन कार्पची, म्हणजे याच जातकुळीतल्या माशांची, अंडी मिळवली, तेव्हापासून बीज मिळवणं सोपं होत गेलं. बंदिस्त पाण्यात हे मासे झपाट्याने वाढतात, आणि जिथे मच्छीमार संस्थेकडे तलावाचा ठेका आहे तिथे त्यांच्या पोटापाण्याला याचा खरा हातभार लागतो. तिथे मी बोटुकलीलाच मत देईन.

नदीत मात्र हिशेब उलटतो. आम्ही काही मित्रांनी एका पावसाळ्याच्या शेवटी बोटुकली आणली. पिशव्या आधी पाण्यात तरंगत ठेवल्या, आतलं-बाहेरचं पाणी सारखं होऊ दिलं, मग तोंडं उघडली. सगळं रीतसर. मार्चमध्ये परत गेलो तर काठची वाळू उपसून नेलेली, डोहात घोटाभर गढूळ पाणी, त्यात फक्त चिलापी, म्हणजे बाहेरून आलेला तिलापिया मासा. आमचे मासे मेले की वाहून गेले, कळायला मार्ग नव्हता. ज्या घरात राहायला जागा नाही तिथे आम्ही पाहुणे पाठवले होते, याचं मला आजही वाईट वाटतं.

वाळू गेली की दोन गोष्टी जातात. पात्रातली वाळू पावसाचं पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात डोहाला हळूहळू देते. ती संपली की डोह लवकर आटतो. शिवाय आपल्या नदीतले कितीतरी मासे गोटे-वाळूच्या स्वच्छ थरात अंडी घालतात. महासीर या मोठ्या नदीमाशाची अंडी तर गोट्यांच्या फटीत, खेळत्या पाण्यातच तगतात. वर गाळ बसला की ती गुदमरतात. अशा जागी कितीही बीज ओता, पुढची पिढी तयार होत नाही, आणि दरवर्षी पुन्हा वर्गणी काढावी लागते.

बाहेरचं बीज सोडण्यात आणखी एक धोका आहे, आणि तो महाराष्ट्रातूनच गेलेला आहे. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात निळ्या पराच्या महासीरची पैदास १९७०च्या दशकापासून होते. हेतू चांगलाच होता. तिथलं बीज कावेरीतही गेलं आणि तिथे फोफावलं. कावेरीचा स्वतःचा, नारिंगी परांचा कुबडा महासीर मात्र घटत गेला. २०१८ साली त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. हा बदल उघडकीला आला तो कावेरीवर मासा पकडून सोडून देणाऱ्या हौशी लोकांच्या नोंदींमुळे. तिथे त्यांच्याच पैशातून राखणदार ठेवून डायनामाइटवाल्यांना आवर घातला जात होता. म्हणजे एकाच नदीवर दोन्ही वाटांचा पडताळा मिळतो.

डोहावर खर्च म्हणजे नक्की कशावर? मुख्य खर्च माणसावर. पांझरा नदीवरच्या फडात, म्हणजे गावाने मिळून चालवलेल्या पाटपाण्याच्या शेतीत, पाणी वाटायला पाटकरी आणि राखणीला जागल्या असतो, तसा डोहाला जागल्या हवा, आणि तो काठच्या गावातलाच हवा. सुरुंग किंवा विष घालून मासे मारणं १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे, पण रात्री तिथे कुणी उभंच नसेल तर कायदा काय करणार? उरलेल्या पैशात काठावर करंज, जांभूळ, उंबर लावा. सावलीने पाणी थंड राहतं, आणि थंड पाण्यात मासा उन्हाळा काढतो. पावसाळ्यात, विणीच्या वेळी, त्या डोहात कुणीही गळ टाकायचा नाही, आपणसुद्धा. रायगड जिल्ह्यात वाळणकोंडी या डोहातले मासे देवीच्या श्रद्धेपोटी राखले गेले आहेत. आपल्याला ते आपसात ठरवून करावं लागेल.

हे काम कंटाळवाणं आहे. ग्रामपंचायतीत खेटे, वाळूवाल्यांशी वाद, आणि दोन-तीन पावसाळे दाखवण्यासारखं काहीच नाही. ज्या गटाला वर्षभरात फळ हवं आहे त्याने यात पडू नये. अनेर किंवा यावल अभयारण्याची हद्द लागत असेल तर वनखात्याच्या परवानगीशिवाय पाण्याला हातही लावू नका.

तिसरा पर्याय म्हणून कुणी तापीवरच्या प्रकाशा, सारंगखेड्याच्या बॅरेजवर माशांसाठी वाट काढायची कल्पना मांडतं. गरज खरी आहे, पण ते सरकारी खर्चाचं काम. वर्गणीतून होणार नाही. अमेरिकेत १९५० च्या कायद्याने गळ-रिळांवरचा करच मासे आणि पाण्यासाठी राखून ठेवला जातो. आपल्याकडे तशी सोय होईपर्यंत आपला आवाका एका डोहापुरताच.

डोह निवडायला मे महिन्याच्या शेवटी, धरणाचं आवर्तन थांबल्यावर जा. तेव्हाही ज्यात पुरुषभर पाणी आहे तोच घ्या. आणि नक्की करण्याआधी भोई मंडळींकडे बसा. कोणता डोह कधी आटत नाही हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, आणि त्या पाण्यावर पहिला हक्कही त्यांचाच आहे.