कॅल्कमध्ये बागेचा हिशोब : शून्यं, रेघा आणि झूम टिकत का नाहीत

हापूसचा अख्खा हंगाम आणि पुढचा पावसाळा बागेचा हिशोब लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये, म्हणजे एक्सेलसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये, ठेवल्यानंतरचं हे मत. आकडेमोडीत ते कुठेच कमी पडत नाही. देवगड-रत्नागिरीकडे ज्यांच्याशी बोलावं त्यांची तक्रार एकच असते: शून्यं लपवली, रकान्यांच्या रेघा लपवल्या, झूम वाढवला, आणि दुसऱ्या दिवशी फाइल उघडली तर सगळं पहिल्यासारखं. हा बिघाड क्वचितच असतो. कॅल्क काही सेटिंग शीटबरोबर ठेवतं, काही फाइलबरोबर आणि काही संगणकावरच्या आपल्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे आपल्या सेटिंगच्या फोल्डरमध्ये. कुठलं कुठे राहतं ते कळलं की निम्मा त्रास जातो.

सगळ्यात जास्त छळतात ती शून्यं. आंब्याच्या वहीत एका ओळीत तारीख, गाडी, मग ४, ५ आणि ६ डझनी पेट्यांचे रकाने, पुढे हमाली, आडत आणि वाशीहून आलेल्या पट्टीची (विक्रीच्या हिशोबाची) रक्कम. एखाद्या दिवशी फक्त ५ डझनी पेट्या गेल्या की बाकीच्या रकान्यांत सूत्रांमुळे शून्यंच शून्यं दिसतात, आणि खरा आकडा शोधावा लागतो. टूल्स → ऑप्शन्स → लिब्रेऑफिस कॅल्क → व्ह्यू इथे ‘झीरो व्हॅल्यूज’ची खूण काढली की ती जातात. पण ही खूण समोर उघडलेल्या फाइलला आणि यापुढच्या नव्या फाइलींना लागू होते. आधी सेव्ह झालेली प्रत्येक फाइल स्वतःची खूण सोबत घेऊन येते. आडत्याच्या दिवाणजीने पाठवलेल्या एक्सेलच्या फाइलमध्ये शून्यं परत दिसतात ती याचमुळे. एक्सेलमध्ये हीच खूण प्रत्येक शीटला वेगळी असते, हा गोंधळ वरून वेगळा.

म्हणून शून्यांसाठी त्या खुणेवर विसंबूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. पेट्यांचे रकाने निवडा, कंट्रोल आणि १ दाबा, नंबर्सच्या टॅबमध्ये फॉरमॅट कोडच्या चौकटीत #;-#;;@ लिहा. पहिला भाग धन आकड्यांचा, दुसरा ऋण, तिसरा शून्याचा, आणि तो रिकामा ठेवल्यामुळे शून्य दिसतच नाही. हा कोड सेलमध्येच राहतो, त्यामुळे ओडीएस (कॅल्कची फाइल) असो की एक्सएलएसएक्स (एक्सेलची), फाइल कुठल्याही संगणकावर उघडली तरी तसाच चालतो. रुपये-पैशांच्या रकान्यांना हा कोड लावू नका, त्यात पैसे दिसणार नाहीत. आणखी एक सावधगिरी: अशी वही सीएसव्हीमध्ये (नुसत्या मजकुराच्या फाइलमध्ये) काढताना ‘सेल कंटेंट ॲज शोन’ची खूण राहिली असेल, तर शून्याच्या जागी रिकामी जागा जाते. पुढे कोणी ती फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घेणार असेल तर ती खूण काढा.

छपाईचा मामला वेगळाच आहे. व्ह्यू पानावरच्या खुणेने पडद्यावर शून्यं लपवली तरी कागदावर येतात, कारण छापायचं काय हे फॉरमॅट → पेज स्टाइल → शीट इथे ठरतं. ‘झीरो व्हॅल्यूज’ आणि ‘ग्रिड’ या दोन्ही खुणा तिथे आहेत. पडद्यावरच्या रेघा मात्र व्ह्यू मेनूतून, एकेका शीटपुरत्या लपतात. बारा महिन्यांची बारा शीट असतील तर बारा वेळा करावं लागतं.

झूमची गंमत अशी की नुसता झूम बदलल्याने फाइल बदलली असं कॅल्क मानत नाही. सेव्हचं बटण उजळत नाही, बंद करताना विचारणाही होत नाही, आणि १३० टक्के केलेला झूम निघून जातो. उपाय साधा आहे. रिकाम्या सेलमध्ये एखादं अक्षर लिहून एंटर करा, मग ते पुसा, आणि मग सेव्ह करा. सगळ्या शीटचा झूम एकदम बदलतो की एकेकाचा, हे वरच्याच व्ह्यू पानावरच्या ‘सिंक्रोनाइझ शीट्स’वर ठरतं.

सीएसव्ही फाइलमध्ये यातलं काहीच राहत नाही. रंग, रकान्यांची रुंदी, गोठवलेली वरची ओळ, सगळं जातं. बँकेतून किंवा एखाद्या पोर्टलवरून उतरवलेली फाइल आधी ‘सेव्ह ॲज’ करून ओडीएस करा, मगच सजवा.

आता आपल्या पट्ट्यातला खास प्रश्न. जूननंतर लाइट कधी जाईल सांगता येत नाही. फाइल उघडी असताना वीज गेली की त्याच फोल्डरमध्ये एक लपलेली लॉक फाइल मागे राहते. पुढच्या वेळी कधीकधी कॅल्क म्हणतं, ही फाइल कोणीतरी वापरतंय, आणि घाईत ‘ओपन रीड-ओन्ली’ किंवा ‘ओपन कॉपी’ दाबलं जातं. मग केलेले बदल मूळ फाइलमध्ये जातच नाहीत. दुसऱ्या संगणकावर ती खरोखर उघडी नाही ना याची खात्री करा, कॅल्क बंद करा, लपलेल्या फाइली दाखवायला सांगून ती लॉक फाइल काढून टाका.

वीज गेल्याने प्रोफाइलसुद्धा बिघडू शकतं. त्याची ओळख अशी: कुठल्याही फाइलमध्ये, ऑप्शन्समध्ये काहीही बदललं तरी परत उघडल्यावर जुनंच. हेल्प → रीस्टार्ट इन सेफ मोड करा. तिथे सगळं सुरळीत चालत असेल तर दोष प्रोफाइलचा. सेफ मोडमध्ये सेटिंग लावत बसू नका, तिथलं प्रोफाइल तात्पुरतं असतं. त्याच खिडकीत आधी ‘रीस्टोअर फ्रॉम बॅकअप’ करून पाहा, ते लागू पडलं नाही तरच ‘रीसेट टू फॅक्टरी सेटिंग्ज’. पण रीसेटपूर्वी लिब्रेऑफिसचं ‘यूझर’ फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवा. ऑटोकरेक्टमध्ये भरलेले मराठी शब्द, मॅक्रो आणि साचे त्यातच असतात, आणि पूर्ण प्रोफाइल रीसेट केलं की तेही जातात.

मराठी अक्षरांचं माप टिकत नाही, याचं कारण कॅल्क रोमन आणि देवनागरीसाठी फाँट वेगवेगळे ठेवतं. आकडे मोठे होतात आणि गावांची नावं बारीकच राहतात. स्टाइल्समध्ये ‘डीफॉल्ट’ स्टाइल उघडून फाँटच्या टॅबमधल्या ‘सीटीएल’ (देवनागरीसारख्या लिप्यांच्या) भागात फाँट आणि माप द्या. रफार-वेलांटी कापली जात असेल तर ओळी निवडून ‘ऑप्टिमल हाइट’ करा. मग फाइल → टेम्प्लेट्स → सेव्ह ॲज टेम्प्लेट इथे ती डीफॉल्ट साचा म्हणून ठेवा. नवी वही त्या मापात उघडेल. जुन्या वह्यांना मात्र हे एकेक करूनच लावावं लागतं.