नाकातून दुर्बिणीचं सायनसचं ऑपरेशन : तुरीचा हंगाम काढल्यावरचा अनुभव

सायनसचं, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांचं, ऑपरेशन दिवाळीनंतर झालं आणि हे लिहितोय पावसाळ्यात. मुद्दामच थांबलो. टाकोटाक सगळ्यांनाच मोकळं वाटतं, खरी परीक्षा तुरीच्या हंगामात होती. मी लातूरच्या मार्केट यार्डात आडत दुकानावर मुनीम आहे. जानेवारी-फेब्रुवारीत तुरीचे ढीग पडले आणि चाळण्या सुरू झाल्या की समोरच्या दुकानाची पाटी दिसत नाही एवढी धूळ असते. त्या धुळीत नाक टिकलं, म्हणून आता सांगायला हरकत नाही.

त्रास जुना होता. दोन्ही नाकपुड्या बंद, रात्रभर तोंड उघडं, सकाळी घशाला कोरड, कपाळ जड आणि मागच्या बाजूनं घशात उतरणारा घट्ट शेंबूड. शिवाय वास गेलेला. घरच्यांना हे पटायचंच नाही, कारण विक्स लावलं की मला कळायचं. “येतोय की वास!” डॉक्टर मॅडमनी त्याचा उलगडा केला. मेंथॉल, कापूर, अमोनिया यांची झणझण नाकातल्या वेगळ्याच नसेला कळते, वासाची नस निराळी. मग डोळे मिटायला लावून कॉफी पावडर नाकाखाली धरली. काहीच नाही. ओल्या सोयाबीनचा कुबट वास मुनिमाला सगळ्यांच्या आधी यायला पाहिजे. मी हमालांना विचारत होतो.

दुर्बिणीतून दोन्हीकडे पॉलिप दिसले. आपल्याकडं ‘नाकात मांस वाढलंय’ म्हणतात ते हेच. द्राक्षाच्या मण्यांसारखे फिकट, गुळगुळीत फुगवटे. त्यात मधला पडदा वाकडा. थेट ऑपरेशन नाही केलं. आधी स्टेरॉइडचा स्प्रे आणि थोडे दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या. गोळ्या चालू असताना वास परत आला! फोडणीतला कढीपत्ता कळला. गोळ्या संपल्यावर पुन्हा गायब. मॅडम म्हणाल्या, हे चांगलं लक्षण आहे, नस मेलेली नाही, वाट बंद आहे. (शुगर असणाऱ्यांनी या गोळ्यांआधी डॉक्टरांना नक्की सांगावं, साखर चढते.)

सीटी स्कॅनमध्ये सायनस किती भरलेत याचे २४ पैकी १७ गुण आले. या परीक्षेत जास्त गुण म्हणजे जास्त नापास. हा स्कॅन ऑपरेशनचा नकाशा असतो. डोळा आणि सायनस यांच्यामध्ये कागदासारखं पातळ हाड आणि वर मेंदूचा तळ, त्यामुळं कुणाचं हाड कुठं उतरलंय हे आधी बघावं लागतं. डोळ्याला इजा, मेंदूभोवतीचं पाणी नाकात गळणं, रक्तस्राव हे धोके क्वचित होतात, पण सहीच्या कागदावर लिहिलेले असतात. मी ते वाचून, विचारून सही केली. पाहुण्यांचं एकच चालू होतं, “पुण्याला जा.” मी लातूरलाच केलं. रोज अशी ऑपरेशनं करणारा हात आणि नंतर नाकाच्या साफसफाईला जवळ असणारा दवाखाना, या दोन गोष्टी मला शहराच्या नावापेक्षा मोठ्या वाटल्या.

यार्डात बातमी फुटल्यावर पहिला प्रश्न, “काळी बुरशी झाली का काय?” २०२१ मध्ये कोरोनानंतर म्युकरनं आपल्या भागात जी दहशत बसवली ती अजून उतरलेली नाही. त्या रुग्णांचीही बुरशी दुर्बिणीनंच काढत होते, पण तो जिवावरचा आजार. माझा वर्षानुवर्षांच्या सुजेचा.

दुसरी भीती मामांमुळं होती. त्यांचं सायनसचं ऑपरेशन जुन्या पद्धतीचं, वरचा ओठ उचलून हिरडीच्या वर चिरा आणि गालाच्या हाडातून आत. गालाचा तेवढा भाग त्यांना अजून बधिर लागतो, आणि सर्दीही गेली नाही. त्याचं कारण मला आता कळलं. ऑस्ट्रियातल्या ग्राझचे वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी दाखवून दिलं की सायनसमधला स्राव बारीक केसांच्या लाटेवर चढून मूळ दारातूनच बाहेर पडतो. खाली दुसरं भोक पाडलं तरी तो तिकडं जातच नाही. म्हणून आताच्या पद्धतीत मूळ दारच मोकळं करतात. बोटापेक्षा बारीक, चारेक मिलिमीटरची दुर्बीण नाकपुडीतून जाते, चेहऱ्यावर चिरा नाही. अमेरिकेत डेव्हिड केनेडी यांनी १९८५ मध्ये याला फंक्शनल एंडोस्कोपिक सायनस सर्जरी नाव दिलं. दवाखान्यात सगळे ‘फेस’ म्हणतात.

ऑपरेशनचं सांगण्यासारखं काही नाही, पूर्ण भूल होती. पॅक, म्हणजे रक्त थांबायला नाकात भरलेली पट्टी, काढणं मात्र विसरणार नाही. नाकात इतकी लांब पट्टी मावते यावर विश्वास बसत नाही; ओढताना वाटलं, मेंदूच बाहेर येतोय. डोळ्यांतून धार लागली, चार थेंब रक्त आलं आणि पुढच्याच श्वासाला थंडगार हवा थेट घशापर्यंत. पुढं काही दिवस नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. साफसफाईला गेलं की आतल्या खपल्या सक्शननं काढतात. दुखतं. पण ती टाळली तर आत चिकटून वाट परत बुजू शकते.

तक्रार बिलाची. अंदाजपत्रकात मायक्रोडिब्रायडरचं (पॉलिप कापून ओढून घेणाऱ्या यंत्राचं) पातं नव्हतं, नंतरच्या साफसफाईचे पैसेही नव्हते. विमा कंपनीनं पात्याची रक्कम कापली. ही दोन्ही नावं घेऊन आधीच विचारा, आणि पडद्याचं ऑपरेशन त्याच पॅकेजात आहे का तेही लिहून घ्या.

आता मुख्य. ऑपरेशननं वाट उघडते, सूज येण्याची खोड जात नाही. पॉलिप परत येतात. यार्डातल्याच एकाचं माझ्याआधी झालं होतं; बरं वाटल्यावर त्यानं स्प्रे आणि मिठाच्या पाण्यानं नाक धुणं दोन्ही सोडलं, आता पुन्हा तोंडानं श्वास घेतोय. आणि सांगतोय, ऑपरेशन फेल गेलं.

माझं नाक धुणं सकाळ-संध्याकाळ चालू आहे. बाटली दाबायची, एका नाकपुडीतून पाणी आत, दुसरीतून बाहेर. बोअरचं क्षाराचं पाणी मी वापरत नाही. जारचं पाणीसुद्धा उकळून कोमट करूनच घेतो. नाकातून वर चढला तर मेंदूला धरणारा अमीबा पाण्यात असू शकतो. केरळमधल्या २०२४ आणि २०२५ च्या बातम्या आठवत असतील. नाक धुण्याच्या मिठाची तयार पुडी नसेल तर लिटरला नऊ ग्रॅम मीठ, चिमूटभर खायचा सोडा. तुरीच्या दिवसांत बाहेर पडणारं पाणी मातकट असायचं. ते बेसिनमध्ये बघून मास्क न घालणारे दोन हमाल मास्क घालायला लागले. स्प्रे उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत, डाव्या हातानं उजवीत, स्प्रेचं तोंड बाहेरच्या बाजूला. मधल्या पडद्यावर मारला तर रक्त येतं.

हिशोब असा : श्वास उत्तम, झोप उत्तम, कपाळाचा जडपणा गेला. वास पूर्ण आलेला नाही. बारदाना, भाजलेले शेंगदाणे, गॅस सुटलेला कळतो. मोगरा अजून नाही. डागी सोयाबीन ओळखता येतंय का, ते नवा माल आला की कळेल. मागच्या तपासणीत डावीकडं कपाळाच्या सायनसच्या तोंडाशी थोडी सूज दिसली, म्हणून आता धुण्याच्या पाण्यात ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइडचं औषध मिसळायला दिलंय. पुढची तारीख सोयाबीन यार्डात उतरायच्या आतली घेतली आहे, एकदा सौदे सुरू झाले की मालक सोडत नाहीत.