20 वॅटचं फायबर लेझर मार्किंग मशीन: आठ महिने वापरल्यावर

कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये हे मशीन जूनमध्ये आलं. घेतलं होतं जॉबवर, म्हणजे बनवलेल्या सुट्या भागांवर, नंबर टाकायला, आणि ते काम ते पहिल्या दिवसापासून चोख करतंय. मला सांगायचंय ते वेगळं. लेझर मारलेला धातू त्या दिवशी एक वागतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी दुसरंच. हे मशीन विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं.

गणपतीच्या आधी ॲल्युमिनियमच्या पट्टीवर 0.1 मिलिमीटर अंतराने उभ्या-आडव्या रेषा मारल्या. पाण्याचा थेंब सोडला, तर टिपकागदावर पडल्यासारखा पसरला. पट्टी खिडकीत राहून गेली. दिवाळीच्या साफसफाईत सापडली, पुन्हा थेंब टाकला, तर अळवाच्या पानावरच्यासारखा गोल! जरा कलती केली की घरंगळून खाली. लेझरच्या उष्णतेने धातूवर तयार झालेल्या ताज्या ऑक्साइडला पाणी चिकटतं. मग हवेतली तेलकट द्रव्यं हळूहळू त्यावर बसतात आणि खडबडीत पृष्ठभाग पाणी झटकू लागतो. ती पट्टी मी अजून येईल त्याला दाखवतो.

स्टीलने मात्र पावसाळ्यात फटका दिला. एसएस 304 या स्टेनलेस स्टीलच्या प्लेटांवर खोल अक्षरं कोरून दिली, महिन्याभरात तांबूस होऊन परत आल्या. स्टेनलेसला गंजापासून वाचवणारा क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर मीच जाळला होता. आता फोकस थोडा वर घेऊन, न कोरता नुसतं तापवून काळं करतो आणि नमुना आठवडाभर ओल्या फडक्यात ठेवल्याशिवाय सेटिंग पक्कं करत नाही.

बुशच्या, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळीच्या, आत तेल धरून राहावं म्हणून शाफ्टवर बारीक खळगेही पाडले. प्रत्येक खळग्याच्या काठावर वितळलेल्या धातूची कड उभी राहते, नखाला लगेच लागते. ऑइलस्टोनने घासून ती काढली नाही, तर बुशच खरवडून निघतो.

किरणाचा ठिपका साधारण 0.05 मिलिमीटरचा, त्याहून बारीक नक्षीची अपेक्षा ठेवू नका. लेझरच्या तरंगलांबीएवढ्या लहरी उठवून सप्तरंगी चमक आणायचं काम किरणाचे अतिशय छोटे झटके सोडणाऱ्या फेम्टोसेकंद लेझरचं.

आणि 1064 नॅनोमीटरचा किरण डोळ्याला दिसत नाही. तीच तरंगलांबी अडवणारा गॉगल हवा, उन्हाचा चालत नाही. आमच्याकडे गॉगल न घालता कुणालाही पॅडलवर पाय ठेवू देत नाही, मालकाच्या भावालासुद्धा.

पल्सची, म्हणजे किरणाच्या एकेका झटक्याची, लांबी बदलता येत नाही, हीच एक उणीव मला रोज जाणवते. स्टीलवर रंग काढायचे असतील, तर थोडे पैसे जास्त घालून, ही लांबी बदलता येणारं मोपा (MOPA) प्रकारचं घ्या.