पट्टा बदलायला दिला आणि अण्णांचं घड्याळ गेलं

घड्याळाचा पट्टा बदलणं हे घरी बसून पाच मिनिटांत होणारं काम आहे. गेल्या मार्चमध्ये मला हे माहीत असतं, तर अण्णांचं घड्याळ आज जसंच्या तसं आमच्याकडे असतं. ज्यांच्या कपाटात वडिलांचं किंवा आजोबांचं चावीचं घड्याळ ठेवलेलं आहे, त्यांनी ते दुकानात नेण्याआधी हे वाचावं, म्हणून झालं ते सगळं लिहिते आहे.

अण्णा म्हणजे माझे वडील. सांगली स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. कुठली गाडी किती वाजता फलाटाला लागली, किती वाजता सुटली, हे मनगटावरच्या घड्याळात बघून वहीत लिहायचे. एचएमटी कंपनीचं 'जनता' हे मॉडेल. १९७८ साली घेतलेलं. पांढरी डायल आणि तिच्यावर काळे देवनागरी आकडे. सकाळी दाढी झाली की खिडकीशी उभं राहून चावी द्यायचे, एकदा कानाशी धरायचे आणि मगच बांधायचे. मी नोकरीला लागले तेव्हा पहिल्या पगारातून त्यांना सेलवरचं नवं घड्याळ आणलं होतं. चार दिवस वापरलं आणि परत डबीत घालून ठेवलं. पाचव्या दिवशी मनगटावर पुन्हा जनता.

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं. घड्याळ बुडालं नाही, पण दहा-बारा दिवस ओल धरलेल्या कपाटात राहिलं. पूर ओसरल्यावर अण्णांनी ते त्यांच्या नेहमीच्या घड्याळजींकडे नेलं. मशीन त्यांनी साफ करून दिलं, पण डायलवर ४ आणि ५च्या मध्ये, अगदी कडेला, हळदीचं बोट लागावं तसा पिवळा डाग राहिला. घड्याळजी तेव्हा म्हणाले होते, "डाग पुसायला गेलो तर छपाईपण निघून येईल. राहू द्या तसाच." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

अण्णा गेले त्याला वर्ष होत आलं होतं. घड्याळ नातवाला द्यायचं हे आईनं आधीच ठरवलं होतं. पट्टा मात्र पार कुजलेला, बक्कलजवळ तुटायला आलेला. मी पुण्यात असते. सांगलीला जाणं आणखी महिनाभर तरी होणार नव्हतं. नुसता पट्टा तर बदलायचाय, त्याला घड्याळजी कशाला हवेत, असा विचार केला आणि ऑफिसातून येताना पेठेतल्या एका मोठ्या दुकानात गेले. चांगलं काचेचं दुकान, बाहेर नावाजलेल्या कंपन्यांच्या पाट्या, आत गर्दी. शंका यावी असं काही नव्हतं.

मालकांनी घड्याळ हातात घेतलं, डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ बघत राहिले. पट्ट्याकडं त्यांनी पाहिलंही नाही. म्हणाले, "मॅडम, विकायचंय का? दीड हजार देतो." मी म्हटलं, वडिलांचं आहे, विकायचं नाही. तिथंच मी घड्याळ उचलून घरी यायला हवं होतं. पट्टा बदलायला आलेल्या बाईकडं दुकानदार पहिल्या दोन मिनिटांत घड्याळ विकत मागतो, याचा अर्थ त्या घड्याळात त्याला काहीतरी दिसलेलं असतं.

काय दिसलं होतं ते मला नंतर कळलं. एचएमटीनं १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं बंगळुरात घड्याळं बनवायला सुरुवात केली. पुढची कित्येक वर्षं सरकारी नोकर, शिक्षक, लग्नातला नवरदेव, ज्याच्या त्याच्या मनगटावर तेच असायचं. २०१६च्या जानेवारीत केंद्र सरकारनं एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करायला मंजुरी दिली. त्यानंतर जुन्या एचएमटींना हौशी लोकांत मागणी वाढली, आणि त्यातही देवनागरी आकड्यांच्या, हात न लावलेल्या डायलचं जनता असेल तर लोक शोधत येतात. आपल्याला ते घरातलं जुनं घड्याळ वाटतं. समोरच्याला त्याची किंमत पक्की ठाऊक असते.

मी नाही म्हटल्यावर त्यांचा सूर बदलला. "पट्टा टाकून देतो, पण पिनांची भोकं झिजलीत. आत पाणीपण दिसतंय. आत्ता ऑइलिंग नाही केलं तर मशीन जाम होईल, मग आम्हाला सांगू नका." अण्णांचं घड्याळ बंद पडेल या एका भीतीनं मी हो म्हटलं. ऑइलिंग-क्लीनिंगचे ६०० आणि 'प्युअर लेदर' पट्ट्याचे ८५०. "परवा संध्याकाळी या." हातात एक चिठ्ठी दिली. तिच्यावर एवढंच: 'एचएमटी १, बेल्ट, सर्व्हिस, १४५०.' घड्याळाचा नंबर नाही, कुठलं मॉडेल ते नाही, डायलवर डाग आहे हे नाही, दुकानाचा शिक्कासुद्धा नाही. मी ती चिठ्ठी पर्समध्ये टाकली आणि निघाले.

दोन दिवसांनी घड्याळ मिळालं तेव्हा चकाचक होतं. मला आनंदच झाला. डाग गेलाय हे माझ्या लक्षात आलं, पण साफ केलं असेल असं वाटलं.

वर्षश्राद्धाला सांगलीला गेलो तेव्हा मुलानं ते आजीच्या हातात दिलं. आईनं चष्मा लावला, खिडकीपाशी जाऊन उजेडात धरलं, उलटं करून पाहिलं, परत सुलटं केलं. म्हणाली, "हे ह्यांचं नव्हे." मी म्हटलं, अगं तेच आहे, साफ केलंय. तिनं नुसती मान हलवली. "हळदीचा डाग कुठाय? आणि हा ७ असा नव्हता." चाळीस वर्षं रोज रात्री उशाशी ठेवलेलं घड्याळ तिनं पाहिलं होतं. तिला भिंगाची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही अण्णांच्या घड्याळजींकडं गेलो. त्यांनी झाकण उघडलं आणि आधी झाकणाची आतली बाजू मला दाखवली. सर्व्हिसिंग केलं की घड्याळजी तिथं सुईच्या टोकानं बारीक तारीख कोरून ठेवतात. अशा पाच तारखा होत्या, सगळ्यांत शेवटची २०१९ची, त्यांच्याच हातची. म्हणजे झाकण आमचंच. मग त्यांनी मशीन भिंगाखाली धरलं. स्क्रूंची डोकी चेपलेली, मशीनवरच्या धातूच्या पट्ट्यांपैकी एक वेगळ्याच छटेची, म्हणजे दोन-तीन घड्याळांमधून जोडलेलं. डायल तर सरळ नव्यानं छापलेली. मला भिंगातून बघायला लावलं. साध्या डोळ्यांना जे आकडे ठीक दिसत होते, त्यांच्या कडा भिंगाखाली पसरलेल्या होत्या, शाई फुटल्यासारख्या. ७ची शेपटी मिनिटांच्या रेघेला चिकटली होती. "ताई, डाग पुसून छपाई अशी शाबूत राहत नाही. मी तेव्हाच अण्णांना बोललो होतो. ही डायल दुसरी आहे." वरची केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच, आणि मागचं झाकण तेवढं दुकानदारानं ठेवलं होतं, घरी नेल्यावर आम्हाला काही कळू नये म्हणून. आतलं सगळं काढून घेतलं होतं. अशा जोडतोड करून, डायल रंगवून विकलेल्या घड्याळांना परदेशातले हौशी लोक 'मुंबई स्पेशल' म्हणतात, असं मुलानं सांगितलं. आपल्या मुंबईचं नाव अशा कामाला जोडलं गेलंय, हे ऐकून फार वाईट वाटलं.

पुण्याला परत आल्यावर मी त्या दुकानात दोनदा गेले. पहिल्यांदा म्हणाले, केमिकलनं डाग निघाला. दुसऱ्यांदा मी घड्याळजींनी सांगितलेलं सगळं बोलून दाखवलं, तर म्हणाले, "सिद्ध करा. आमच्याकडे जे आलं तेच तुम्हाला दिलंय." सिद्ध करायला माझ्याकडं काय होतं? अण्णांचे हातात घड्याळ असलेले फोटो आहेत, पण एकाही फोटोत डायल नीट दिसत नाही. मी घड्याळ द्यायच्या आधी फोनवर एक जवळून फोटो काढला असता, मागचं झाकण उघडल्यावर आणखी एक काढला असता, तर गोष्ट वेगळी झाली असती.

मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. तक्रार नोंदवून घेतली, बिल मागितलं, फोटो मागितले. जिल्हा ग्राहक आयोगात जायचा मार्गही आहे आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथं फीदेखील लागत नाही. पण चिठ्ठीवर ना दुकानाचं नाव, ना घड्याळाची खूण. हेल्पलाइनकडून दुकानाला विचारणा गेल्यावर त्यांनी सर्व्हिसिंगचे ६०० रुपये परत केले. एवढंच. म्हणून सांगते, जुनं घड्याळ दुरुस्तीला द्यावंच लागलं तर पक्कं बिल घ्या आणि त्यावर मॉडेल, झाकणावरचा नंबर, डायलवरचे डाग-ओरखडे, सगळं लिहून मागा. लिहून द्यायला का-कू करतो त्याच्याकडं घड्याळ ठेवू नका. झाकण उघडायचं असेल तर आपल्यासमोर उघडू दे.

आणि नुसता पट्टाच बदलायचा असेल तर दुकानाची पायरी चढायची गरजच नाही. तो 'प्युअर लेदर' पट्टा दोन महिन्यांत दुमडीवर तडकला. आत पुठ्ठा होता, वरून रेक्झिन. तो काढून टाकताना मी आणि मुलगा हे काम शिकलो.

पट्टा अडकवलेला असतो तो दोन्ही टोकांना बारीक स्प्रिंग असलेल्या पिनेवर. पिन दाबली की आखूड होते आणि केसच्या दोन कानांमधल्या, म्हणजे पट्टा बसतो त्या बाहेर आलेल्या टोकांमधल्या, भोकांतून सुटते. ती दाबायला एक छोटं हत्यार मिळतं, एका टोकाला बारीक दुबेळकं आणि दुसऱ्या टोकाला सुईसारखं टोक. दोन-तीनशे रुपयांत येतं. चाकू किंवा स्क्रू ड्रायव्हर अजिबात वापरू नका. त्या दुकानात बहुतेक तेच वापरलं असावं, कारण आमच्या केसच्या एका कानावर पूर्वी नसलेला खोल ओरखडा आहे. नवा पट्टा घेण्याआधी दोन कानांच्या मधलं अंतर पट्टीनं मिलिमीटरमध्ये मोजायचं. जनतामध्ये ते १८ भरतं. इतर पुरुषी घड्याळांत १८, २०, २२ असं असतं, बायकांच्या घड्याळांत त्याहून कमी. एका मिलिमीटरनं चुकलं तर पट्टा एकतर बसत नाही किंवा आत हलतो.

टेबलावर मऊ टॉवेल पसरायचा, घड्याळ काच खाली करून ठेवायचं. दुबेळकं पट्टा आणि कान यांच्या फटीत सरकवायचं. पिनेच्या टोकाजवळ एक उंचवटा असतो, त्याच्यावर ते अडकतं. मग आतल्या बाजूला ओढायचं, म्हणजे पिन सुटते. दुसऱ्या हाताचा अंगठा पिनेवर ठेवायचा, नाहीतर ती अशी उडते की सापडत नाही. आमची पहिली पिन फ्रिजखाली गेली. तेव्हापासून मुलगा घड्याळ आणि हात दोन्ही मोठ्या पारदर्शक पिशवीत घालून काम करतो. नवा पट्टा लावताना बक्कलचा तुकडा १२च्या बाजूला आणि भोकांचा लांब तुकडा ६च्या बाजूला. पिनेचं एक टोक भोकात बसवायचं, दुसरं दाबून आत सरकवायचं, बारीक 'टक' ऐकू येतं. मग पट्टा दोन्ही बाजूंनी नीट ओढून बघायचा. हे ओढून बघणं विसरू नका, अर्धवट बसलेली पिन रस्त्यात सुटली की घड्याळ खालीच पडतं.

स्टीलची चेन असेल तर तिच्या कड्या कमी करणंही असंच घरी होतं. कड्यांच्या आतल्या बाजूला बाण असतात. पिन बाणाच्या दिशेनं ठोकून काढायची आणि परत घालताना उलट दिशेनं. काही चेनना पिनेऐवजी स्क्रू असतात, तिथं ठोकायला जाऊ नका. आणि असा पिनेवरचा पट्टा बदलण्यासाठी मागचं झाकण उघडावं लागत नाही. कोणी उघडायला लागला तर घड्याळ तिथंच परत मागा.

मुलगा आता ते घड्याळ घालतो. अण्णांची केस आहे, अण्णांचं झाकण आहे, तेवढ्यासाठी.

या सगळ्यामागं माझी एक विनंतीही आहे. जुन्या घड्याळांच्या खरेदी-विक्रीत असणाऱ्या कुणाला एचएमटी जनताची देवनागरी आकड्यांची पांढरी डायल दिसली आणि तिच्यावर ४ आणि ५च्या मध्ये, कडेला, हळदीच्या बोटासारखा पिवळा डाग असेल, तर कृपया मला कळवा. सुटी असो किंवा दुसऱ्या घड्याळात बसवलेली असो. मागतील ती किंमत द्यायची माझी तयारी आहे. आईला ती पुन्हा बघायची आहे.