डिव्होशन की व्हेंजन्स: पॅलाडिनने कोणती शपथ घ्यावी?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून, एकेक पात्र होऊन खेळायच्या खेळात तुमचा पॅलाडिन, म्हणजे शपथेने बांधलेला योद्धा, तिसऱ्या लेव्हलला पोचला असेल, तर डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, शपथ कोणती म्हणून विचारलंच असणार. स्माइट, म्हणजे दैवी वार, कसा मारायचा, हात ठेवून जखमा कशा भरायच्या हे एव्हाना अंगवळणी पडलेलं असेल, ते परत सांगत नाही. एन्शंट्सची शपथ मी खेळलेलो नाही, म्हणून तीही बाजूला. डिव्होशन (निष्ठेची शपथ) आणि व्हेंजन्स (सूडाची) मात्र दोन्ही खेळलोय, वेंगुर्ल्यात मित्राच्या ओटीवर, खडूने चौकोन आखून आणि काजूच्या बियांचे गॉब्लिन मांडून. आमच्याकडे अजून २०१४चेच नियम चालतात.

नुसत्या मारामारीचं म्हणाल तर व्हेंजन्स उजवा. व्हाउ ऑफ एन्मिटी, म्हणजे एका शत्रूशी वैर जाहीर करणं, बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे पाळीतल्या जोडकामात, होतं आणि मग मिनिटभर त्या एका शत्रूवर दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. डिव्होशनचं सेक्रेड वेपन, म्हणजे शस्त्र पवित्र करणं, अख्खी ॲक्शन, म्हणजे पाळीतलं मुख्य काम, खातं. तलवार उजळते आणि आपण नुसते बघत बसतो. आम्ही सहा जण. पुन्हा पाळी येईपर्यंत सोलकढीचा पेला रिकामा होतो. (२०२४च्या नियमांत वार करता करताच तलवार उजळवता येते. तुम्ही ते खेळत असाल तर ही तक्रार सोडून द्या.) शिवाय पाचव्या लेव्हलला व्हेंजन्सला मिस्टी स्टेप मिळतं, म्हणजे इथून गायब होऊन तिथे उगवायचा मंत्र. आमच्या बंदरातून चाच्यांच्या गलबतावर मारलेली तीस फुटांची ती उडी अजून आठवते.

तरी मी व्हेंजन्स सोडला, तो कैद्यांपायी.

या शपथेत एक कलम आहे: साध्या शत्रूवर एखादवेळ दया दाखवता येईल, पण ज्याच्या नावाने शपथ घेतली त्याला माफी नाही. ऐकायला झकास. पण गलबतावर हात वर करून उभा राहिलेला खलाशी साधा की शपथेतला? मी म्हणायचो शपथेतला. आमचा क्लेरिक, म्हणजे टोळीतला पुरोहित, म्हणायचा, पोटासाठी वल्ही मारणारा माणूस, त्याचा काय दोष? रोग (Rogue), म्हणजे टोळीतला चोर, म्हणायचा, आधी खिसे तपासू. दर खेपेला अर्धा तास वाद. एकदा हा खटला इतका लांबला की कुडाळच्या मित्राची शेवटची एसटी चुकली. "सोड रे त्येका, माका घराक जावचा आसा!" असं तो ओरडत होता आणि मी शपथेचा अर्थ लावत बसलो होतो. कदाचित चूक शपथेची नसेल, माझीच असेल. पण ही शपथ माझ्यासारख्याला भांडायला निमित्त देते, एवढं खरं.

डिव्होशनचीही कटकट आहेच. खोटं बोलायचं नाही. नाक्यावरच्या पहारेकऱ्याने हटकलं की मी गप्प, बोलणं सगळं बार्डकडे, म्हणजे टोळीतल्या गवयाकडे. त्याची सवय होते.

आणि सातव्या लेव्हलला जे मिळतं त्याने माझं मत पक्कं झालं. तुम्ही शुद्धीवर असेपर्यंत दहा फुटांच्या आतल्या सोबत्यांना कुणी चार्म करू शकत नाही, म्हणजे मोहिनी घालू शकत नाही. आमचा डीएम कड्यांवर हार्पी, म्हणजे गाण्याने भुलवणाऱ्या पंखवाल्या बाया, बसवतो. त्यांचं गाणं कानावर पडलं की आधीच्या मोहिमेत निम्मी टोळी कड्याच्या टोकाकडे चालू लागायची. या वेळी सगळे माझ्याभोवती दोन चौकोनांच्या अंतरात दाटीवाटीने उभे राहिले आणि गाणं नुसतं गाणं राहिलं. व्हेंजन्सला त्याच लेव्हलला पळणाऱ्या शत्रूला गाठायची सोय मिळते. तीही कामाची, नाही म्हणत नाही.

इथल्या माणसाला हा फरक चटकन कळावा. आरवलीच्या वेतोबाला लोक भल्यामोठ्या चपला वाहतात, कारण तो रात्रभर गावाच्या राखणीला फिरतो अशी श्रद्धा आहे. राखणदार हद्द सांभाळतो. डिव्होशन मला तसा वाटतो, फक्त हद्द दहा फुटांची.

तुमची टोळी तिघाचौघांची असेल आणि डीएम दरवेळी एकच मोठा राक्षस आणत असेल, तर व्हेंजन्स घ्या, पस्तावणार नाही. सहा जण असाल आणि त्यातल्या कुणाला एसटी गाठायची असेल, तर मात्र थोडा विचार करा. आमच्या कुडाळकराने आता स्कूटर घेतलीय, तरी मी व्हेंजन्स म्हटलं की तो अजून घड्याळ बघतो.