डिस्क कोरी निघाली: विंडोज टाकून घेताना झालेली फसवणूक

मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते. घरी बसून सात छोट्या दुकानदारांचे हिशेब टॅलीवर लिहिते, त्यांचे जीएसटीचे रिटर्नही मीच भरते. माझा लॅपटॉप बंद पडला की माझं काम तर अडतंच, पण 20 तारखेच्या आत रिटर्न गेलं नाही तर दंड त्या माणसांना बसतो. त्यामुळे जून 2025 मध्ये जे झालं ते घाईत झालं, आणि समोरच्याने ती घाई बरोबर ओळखली.

विंडोजचं अपडेट चालू होतं, बाहेर पाऊस लागला आणि लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी आधीच दमलेली, त्यामुळे तोही मधेच बंद झाला. परत लावला तर 'ऑटोमॅटिक रिपेअर' असं लिहून यायचं, पडदा काळा व्हायचा, पुन्हा तेच. रिटर्नला चार दिवस राहिले होते. टॅलीचा डेटा मी दर शनिवारी पेनड्राइव्हवर उतरवून ठेवते, त्यामुळे ती काळजी नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळीच लॅपटॉप घेऊन बाजारात गेले आणि समोर दिसलं त्या दुकानात शिरले.

काउंटरवरच्या मुलाने लॅपटॉप उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "दीदी, इसमें तो सीडी की जगह ही नहीं है. विंडोज डलेगी कहाँ से?" मग आतून मालक आले. त्यांनी फार शांतपणे, अगदी घरच्या माणसासारखं समजावलं. या लॅपटॉपला डिस्क ड्राइव्ह नाही, म्हणून बाहेरून लावायचा डीव्हीडी ड्राइव्ह घ्यावाच लागेल. जुन्या विंडोजची की, म्हणजे लायसन्सचा नंबर, खराब झाली आहे. विंडोज 10 तसंही ऑक्टोबरमध्ये बंद होतंय, तर आत्ताच ओरिजनल 11 टाकून घ्या. ड्राइव्ह 1,900, ओरिजनल विंडोज 2,800, मजुरी 500. एकूण 5,200 रुपये.

यातलं ऑक्टोबरचं तेवढं खरं होतं. मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स 14 ऑक्टोबर 2025 ला थांबवली. त्याबद्दल मी पेपरात वाचलेलं होतं, म्हणून बाकीचंही खरंच असणार असं वाटलं.

मी बिल मागितलं. "जीएसटी वाला बिल लोगे तो अठारह परसेंट ऊपर से लगेगा," असं म्हणून त्यांनी डायरीतलं पान फाडलं, त्यावर 'ओएस + ड्राइव्ह 5200' लिहिलं आणि दिलं. दिवसभर जीएसटीची बिलं बघणारी मी, आणि तो कागद पर्समध्ये घालून निघाले. पैसे यूपीआयने दिले, ते दुकानाच्या नावावर नाही, कुणाच्या तरी खासगी नावावर गेले. संध्याकाळी लॅपटॉप मिळाला. सोबत डीव्हीडी ड्राइव्ह आणि कागदी पाकिटात एक डिस्क. तिच्यावर काळ्या मार्करने 'विन 11 ओरिजनल' लिहिलेलं. "संभाल के रखना, आगे काम आएगी."

सहा महिने लॅपटॉप नीट चालला. डिसेंबरात पडद्यावर निळी चौकट आली, तुमच्या विंडोजचं लायसन्स लवकरच संपणार आहे. मी दुकानात फोन केला. "छह महीने की ही थी दीदी, रिन्यू करा लो, आठ सौ लगेंगे."

आठशे मी देणारही होते. पण त्या रविवारी माझा भाचा घरी जेवायला आला होता. तो इथल्या जीएसआयटीएस इंजिनिअरिंग कॉलेजात कंप्युटर शिकतो. मी सहज सांगितलं तर तो पानावरून उठलाच. म्हणाला, "मावशी, ओरिजनल विंडोज सहा महिन्यांत संपत नाही. ती डिस्क दाखव."

पाकिटातून डिस्क काढून त्याने खिडकीशी तिरकी धरली. आम्ही दोघांनी पाहिली. चकचकीत बाजू मधल्या भोकापासून कडेपर्यंत एकसारखी जांभळी होती. डीव्हीडीवर काही भरलेलं असलं तर भरलेला भाग वेगळ्या छटेचा दिसतो, वर्तुळाची कड स्पष्ट कळते. इथे कड नव्हती. ड्राइव्हमध्ये घातली, तर या डिस्कचा उपयोग कशासाठी करायचा आहे, असं कंप्युटरच विचारू लागला. कोरी होती. मार्करने नाव घालून कोरी डिस्क मला दिली होती, आणि ती मी सहा महिने कपाटात दागिन्यांच्या डब्याशेजारी जपून ठेवली होती. वर डिस्कवरच 4.7 जीबी छापलेलं होतं. विंडोज 11 तेवढ्यात मावतच नाही, त्याला 8 जीबीची दुपदरी डीव्हीडी लागते.

म्हणजे दुकानदाराने विंडोज टाकलं ते पेनड्राइव्हनेच. आता बहुतेक लॅपटॉपना डिस्कची जागा नसतेच आणि त्यामुळे काही अडतही नाही. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर मीडिया क्रिएशन टूल फुकट मिळतं. विंडोज असलेल्या दुसऱ्या कुठल्याही चालू कंप्युटरवर ते चालवायचं, किमान 8 जीबीचा पेनड्राइव्ह लावायचा, की ते स्वतःच विंडोज उतरवून पेनड्राइव्ह तयार करतं. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं त्यात पुसलं जातं, तेवढं सांभाळायचं. मग तो लॅपटॉपला लावून सुरू करताना एक बटण दाबत राहायचं, डेल आणि लेनोव्होला बहुधा एफ 12, एचपीला एफ 9, आणि यादीतून पेनड्राइव्ह निवडायचा. 1,900 चा ड्राइव्ह मला कधीच लागणार नव्हता.

'की खराब झाली' हेही खोटं. अलीकडचा लॅपटॉप विंडोजसकट विकत घेतलेला असेल तर त्याची की कंपनीनेच मदरबोर्डवरच्या चिपमध्ये घालून ठेवलेली असते. हार्ड डिस्क पूर्ण पुसली तरी ती जात नाही. नवीन विंडोज टाकताना ती आपोआप वाचली जाते. माझा लॅपटॉप 2021 चा, म्हणजे विंडोज 11 वर जाणंही फुकटच होतं. माझ्या खोक्यावर 'विंडोज 10 होम सिंगल लँग्वेज' छापलेलं आहे. सेटिंग्जमध्ये आता 'विंडोज 11 प्रो' दिसत होतं. मी रोज बघत होते, पण होमचं प्रो कसं झालं हा प्रश्न मला पडला नाही. 'प्रो' म्हणजे जास्त चांगलं, असंच वाटायचं.

तुमच्याकडे तपासायचं असेल तर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. येणाऱ्या चौकटीत इंग्रजीत एस-एल-एम-जी-आर, मग एक जागा सोडून डावीकडे झुकलेली नव्हे तर तारखेत घालतो ती तिरकी रेघ, आणि तिला चिकटून एक्स-पी-आर असं लिहून एंटर करा. कायमचं असेल तर 'पर्मनंटली ॲक्टिव्हेटेड' येतं. माझ्याकडे 'व्हॉल्यूम ॲक्टिव्हेशन' आणि पुढे संपायची तारीख आली. मोठ्या ऑफिसांसाठी असलेली ही पद्धत, केएमएस म्हणतात तिला, 180 दिवस चालते आणि मग पुन्हा ताजी करावी लागते. त्या 180 दिवसांचंच 'छह महीने' करून माझ्याकडून दर वेळी आठशे घ्यायचे होते. माझं खरं, पैसे भरून घेतलेलं विंडोज बाजूला सारून त्यावर चोरीचं बसवलं, आणि त्याचेच 2,800 घेतले.

एवढ्यावर भाचा थांबला नाही. विंडोज सिक्युरिटी उघडून तो 'एक्सक्लूजन्स'मध्ये गेला. व्हायरस तपासताना काय काय सोडून द्यायचं, त्याची ती यादी. माझ्या यादीत एकच ओळ होती, सी ड्राइव्ह. अख्खा. चोरीचं ॲक्टिव्हेशन पकडलं जाऊ नये म्हणून दुकानदाराने पहारेकऱ्यालाच डोळे मिटून बसवलं होतं. त्या सहा महिन्यांत मी त्याच लॅपटॉपवर नेट बँकिंग केलं होतं. ते पाहून मात्र माझे हातपाय गार पडले. 5,200 रुपयांचं दुःख त्यापुढे काहीच नव्हतं.

भाच्याने त्याच दुपारी आपल्या लॅपटॉपवरून पेनड्राइव्ह तयार केला, माझा डेटा काढून घेतला, आणि सगळं पुसून नव्याने विंडोज टाकलं. की कुठेच विचारली नाही. इंटरनेट लावल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट झालं, होम सिंगल लँग्वेज. खर्च शून्य.

दुकानात गेले तर मालक म्हणाले, डिस्क तुम्हीच बदलली असेल. बिल नाही, तर बोलायचं कशाच्या जोरावर? डायरीचं पान आणि यूपीआयची नोंद एवढंच हातात होतं. ते घेऊन 1915 वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली आहे. बँकेतून पैसे गेले असते तर 1930 वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच फोन करायचा असतो. माझे सुदैवाने गेले नाहीत.

पण त्या लॅपटॉपवर एकटी माझीच बँक नव्हती. माझ्या सातही दुकानदारांचे जीएसटीचे पासवर्ड त्यावरून मी टाकत होते. सोमवारी सकाळी एकेकाला फोन करून झालेलं सगळं सांगितलं. लाज वाटत होती, तरी सांगितलं. जुनी इंदूरमधल्या किराणावाल्या काकांना फोनवर कळेना, तेव्हा त्यांच्या दुकानात गेले. पोत्यांच्या मागे स्टूल टाकून बसले, त्यांच्या फोनवर ओटीपी आला, त्यांनी चष्मा लावून एकेक आकडा वाचला, आणि नवा पासवर्ड त्यांना त्यांच्याच हाताने वहीत लिहायला लावला. मग तराजू पुसत ते म्हणाले, "ताईजी, अब ये मेरे पास रहेगा, आपको जब लगे फोन करके पूछ लेना."